कोल्हापुरात छोटा क्लास: तो टिकवावा कसा, आणि आपण टिकावं कसं

क्लासमध्ये मुलं किती घ्यायची हा आकडा बाकं मोजून काढू नका. आठवड्यात पेपर तपासायला तुमच्याकडे किती तास आहेत, त्यावरून काढा. नवा क्लास काढणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगते, कारण पुढची फी, जागा, मदतनीस आणि तुमची झोप, सगळं या एका आकड्यावर उभं असतं.

मी राजारामपुरीत अकरावी-बारावीचं गणित शिकवते, बोर्ड आणि सीईटी दोन्हींसाठी. इथे मोठ्या साखळ्यांचे क्लासेस आहेत आणि घराच्या माडीवर, एका खोलीत चालणारेही आहेत. मी लिहितेय ते माडीवाल्यांसाठी. 2019 चा महापूर, 2020 चं लॉकडाऊन, 2021 चा पुन्हा महापूर, आणि अधूनमधून ऊसदराच्या ओढाताणीत अडकलेली बिलं. अशा दिवसांत घरातले सगळेच खर्च मागेपुढे होतात, त्यात क्लासची फी लवकर मागे पडते. तेव्हा क्लास तर चालला पाहिजे, आणि शिकवणारा माणूसही शाबूत राहिला पाहिजे. माझा अनुभव असा की ज्या गोष्टी आपण पालकांना वेळेवर आणि स्पष्ट सांगत नाही, त्याच आपल्याला सगळ्यात जास्त थकवतात.

आधी कागदावर हिशेब

समजा खोली 12 बाय 20 फुटांची आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दर विद्यार्थ्यामागे किमान 1 चौरस मीटर जागा सांगितली आहे. 240 चौरस फूट म्हणजे 22 चौरस मीटर. म्हणजे बॅच 22 मुलांची. दाटीवाटीने 35 मुलं मावतात, पण मग शेवटच्या बाकापर्यंत चालत जाता येत नाही, आणि गणित शिकवायचं तर चालत जावंच लागतं. मुलगा कुठल्या पायरीला अडला ते फळ्याजवळ उभं राहून दिसत नाही.

आता तास मोजा. आठवड्याला एक टेस्ट, एका पेपरला 8 मिनिटं. तीन बॅचची 66 मुलं म्हणजे 528 मिनिटं, पावणेनऊ तासांच्या थोडं वर. चौथी बॅच घेतली की पावणेबारा तास होतात. हे तास शिकवण्याच्या, तयारीच्या आणि पालकांशी बोलण्याच्या वेळेखेरीज लागतात. ते कुठून काढणार याचं उत्तर कागदावर येत नसेल, तर चौथी बॅच घेऊ नका. घेतलीत तर पेपर न तपासता परत जायला लागतील, मुलांना ते महिन्याभरात कळेल, आणि कळलेलं तुम्हालाही रोज बोचेल.

पैशाचाही असाच हिशेब मांडा. 66 मुलं, वर्षाची फी 15,000, म्हणजे 9 लाख 90 हजार. त्यातले 10 टक्के येणारच नाहीत असं धरून 99,000 आधीच वजा करा. भाडं महिना 10,000, मदतनीस शिक्षकाला 12,000, लाईट-झेरॉक्स-छपाईला वर्षाचे 60,000. उरतात 5 लाख 67 हजार, महिना 47,250. यातून अजून आयकर बघायचा आहे. क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी असतो, पण वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. त्यामुळे एवढ्या क्लासला तो प्रश्न येत नाही. आकडे तुमचे वेगळे असतील, गाव तेच असलं तरी गल्लीनुसार भाडं बदलतं. पण वजाबाकी आधी करा आणि जाहिरात नंतर.

एसी खोली आणि रस्त्यावरचा तळमजला यांचा मोह मात्र टाळा. वाईट वर्षात फी कमी होते, भाडं कमी होत नाही.

फीचं वेळापत्रक उसाच्या बिलाला बांधा

या विषयावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या भागातले बहुतेक छोटे क्लास इथेच दमतात.

आपल्याकडे ॲडमिशन दहावीच्या निकालानंतर, मे-जूनमध्ये. फी मागायची तीच वेळ. आणि शेतकऱ्याच्या घरात पैसा सगळ्यात कमी असतो तीही तीच वेळ: पेरणी, खतं, पोरांच्या वह्या-पुस्तकं. कारखान्यांचे गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं असतं, प्रत्यक्षात ते मागेपुढे होतं हे करवीर, कागल, शिरोळमधल्या कुठल्याही घरात माहीत आहे. म्हणून ‘मॅडम, पहिली उचल (उसाच्या पैशाचा पहिला हप्ता) पडली की देतो बघा’ हे वाक्य टाळाटाळीचं नसतं. बहुतेक वेळा ते शब्दशः खरं असतं.

तर ॲडमिशनच्याच दिवशी विचारा: घरात पैसा कसा येतो? पगार, ऊस, दूध की दुकान? आणि त्याप्रमाणे हप्ते पाडा. पगारदार असतील तर दरमहा, आणि तारीख त्यांच्या पगाराची धरा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कामगाराचा पगार 1 तारखेला होत नाही. ऊसवाल्या घराला 15,000 मधले 3,000 ॲडमिशनला, 6,000 पहिलं बिल खात्यावर आल्यापासून 8 दिवसांत, उरलेले 6,000 दुसऱ्या बिलावर, आणि काहीही झालं तरी शेवटची तारीख 31 मार्च. दुधावर चालणाऱ्या घराला छोटा हप्ता बरा, कारण दूधबिल दर दहा दिवसांनी येतं आणि पावसाळ्यातही थांबत नाही. तो हप्ता बहुतेक वेळा घरातली बाई ठरवते, म्हणून फीचं बोलणं आईसमोरही व्हायला हवं.

हे एका साध्या कागदावर लिहा. दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांना. तोंडी ठरलेलं असलं की दरवेळी नव्याने बोलावं लागतं, आणि ते बोलणं संध्याकाळच्या बॅचच्या आधी झालं तर तो तास तुम्ही नीट शिकवू शकत नाही.

फीबद्दल मुलाला कधीही, एका शब्दानेही, विचारू नका. वर्गात नाही, जिन्यात नाही. तारीख उलटली की पालकांना एक मेसेज, आठ दिवसांनी एक फोन. फोनवर मी असं बोलते: ‘दादा, कागदावर 6,000 ठरले होते. बिल आलं नसेल तर तसं सांगा, आपण नवी तारीख लिहू. पण तारीख लिहून ठेवू.’ मुलीचे वडील माझ्याहून मोठे असतील तर काका. एवढं पुरतं. ज्यांना खरंच जमत नाही ते त्याच फोनवर मोकळे होतात.

सवलतीचंही जूनमध्येच ठरवा. दर बॅचला एक किंवा दोन जागा बिनफीच्या ठेवायच्या, कुणाला दिल्या ते कुठेही सांगायचं नाही, आणि त्या भरल्या की थांबायचं. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. दसरा चौकात ती आजही दिसतात. बाहेरगावच्या मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय झाली तरच तो शिकेल, हे या शहराने तेव्हापासून पाहिलं आहे. गगनबावडा-चंदगडकडून आलेलं, खोली करून राहणारं पोर तुमच्याकडे येईल तेव्हा त्याच्यासाठी जागा असली पाहिजे. ती आधीच हिशेबात धरलेली असली तर मन मोठं करूनही तुमचं गणित बिघडत नाही. समोर कुणी रडलं म्हणून दरवेळी फी सोडत गेलात, तर डिसेंबरात मदतनिसाचा पगार थकतो, आणि तिच्या घरीही चूल आहे.

स्वतःला पगार लावून घ्या. वर उरलेले 47,250 दिसतात, त्यातले दरमहा 35,000 घ्या आणि बाकीचे वेगळ्या खात्यात टाका. तीन महिन्यांचं भाडं आणि मदतनिसाचा पगार, म्हणजे 66,000, त्या खात्यात कायम राहिले पाहिजेत. हा पैसा गाडीला नाही, घराच्या रंगाला नाही. तो ऑगस्टसाठी आहे.

ऑगस्टसाठी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. दोन्ही महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. क्लासचा नियम या आकड्यांवरच बांधा, म्हणजे रोज सकाळी ‘आज क्लास आहे का’ याची उत्तरं देत बसावं लागणार नाही. 39 फुटांना नदीपलीकडच्या गावांतल्या मुलांनी यायचं नाही, त्यांची गैरहजेरी लागणार नाही. 43 फुटांना क्लास बंद. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी बाहेर पडून पन्हाळ्याकडचा रस्ता गेला, की चिखली-आंबेवाडी-वडणग्याची मुलं घरी पोचवणं ही क्लासच्या आवाक्यातली गोष्ट राहत नाही. म्हणून निर्णय पाण्याच्या आधी व्हायला हवा. नियम जूनमध्ये छापील वेळापत्रकावरच टाका.

शिकवण्याचा क्रमही त्याप्रमाणे लावा. बारावीच्या पुस्तकात पहिला धडा तर्कशास्त्राचा आहे, सत्यता सारण्यांचा. एकदा पद्धत समजली की मुलगा तो घरी बसून, फोनवर पाठवलेल्या दहा-बारा मिनिटांच्या व्हिडिओवर पुढे नेऊ शकतो. तो जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवा आणि त्याचे व्हिडिओ मे महिन्यातच करून ठेवा. मॅट्रिक्स जूनमध्ये उरकता येतं. सदिश आणि रेषा-प्रतल हे समोरासमोरच शिकवायचे विषय, ते गणपतीनंतर. लाईट गेली की मोबाईल चार्ज होत नाही, म्हणून प्रत्येक धड्याचा दोन पानांचा छापील कागदही मुलांच्या दप्तरात आधीच असू दे, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या दिवशी धडा पुढे नेऊ नका. कुणाच्या वह्या गेल्या ते विचारा, ज्यांच्या राहिल्या त्यांच्या वह्यांच्या झेरॉक्स काढा, टेस्ट पंधरा दिवस पुढे ढकला. पूरग्रस्त घरांची फी दोन महिने पुढे गेली असं तुम्ही स्वतःहून, लेखी कळवा. त्यांना मागायला लावू नका. ज्यांच्या घरात पाणी आलं नाही त्यांची फी मात्र ठरल्या तारखेला घ्या. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, त्याच फीवर बाकीच्यांचा क्लास चालू राहतो.

जाहिरात

निकालाच्या आठवड्यात चौकाचौकांत डिजिटल फलक लागतात. एका मुलाचा फोटो कधीकधी दोन क्लासच्या फलकांवर दिसतो. या शर्यतीत उतरू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये क्लासच्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी मुलाचं नाव-फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी परवानगी हवी, आणि तो आपल्याकडे नेमका कुठला कोर्स शिकला हेही जाहिरातीत सांगायचं. हमखास गुणांची हमी तर 2024 च्या मंत्रालयाच्या सूचनांतही चालत नाही.

फलकाऐवजी एक कागद ठेवा. मागच्या बॅचमधल्या सगळ्या मुलांचे गुण, नावाशिवाय, सगळ्यात कमी गुणांसकट. ॲडमिशनला आलेल्या पालकांच्या हातात तो द्या. कमी गुणांबद्दल ते विचारतील, तेव्हा खरं सांगा: हा मुलगा ऑक्टोबरनंतर येईनासा झाला, ही मुलगी मेहनती होती पण अकरावीचा पाया कच्चा राहिला. सीईटीच्या पेपरात साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणजे अकरावी वाऱ्यावर सोडली तर त्याची किंमत शेवटी मोजावीच लागते. पर्सेंटाइलही तिथेच समजावून सांगा. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत, परीक्षेला बसलेल्या 100 पैकी 90 जणांइतके किंवा त्यांच्याहून जास्त गुण. हे जूनमध्ये सांगितलं तर निकालादिवशी कुणी अंगावर येत नाही.

आणि आपल्याला येत नाही ते शिकवू नका. ‘मॅडम, फिजिक्सचंही बघा ना जरा, एकाच ठिकाणी झालं तर बरं’ असा आग्रह होतो. फिजिक्सचे चांगले सर मला माहीत आहेत, मी त्यांचा पत्ता देते. ते गणिताची मुलं माझ्याकडे पाठवतात.

दिवस आणि आवाज

मंत्रालयाच्या त्या सूचना पन्नासहून जास्त मुलांच्या क्लासेससाठी आहेत आणि अंमलबजावणी राज्यांनी करायची आहे. पण त्यातल्या काही गोष्टी कितीही छोट्या क्लासने उचलाव्यात: दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त क्लास नाही, आठवड्याची सुट्टी पक्की, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नाही, आणि मधेच सोडून जाणाऱ्याला उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत. लिहिल्यात त्या मुलांसाठी, पण रविवारी आपलंही दप्तर बंद राहतं.

वर्षाच्या सुट्ट्या वेळापत्रक छापण्याआधीच त्यात टाका. दिवाळीचे आठ दिवस, अनंत चतुर्दशी आणि तिचा दुसरा दिवस, कारण आपल्या मिरवणुका सकाळपर्यंत चालतात, आणि सीईटी संपल्यापासून नव्या ॲडमिशनपर्यंतचा मोकळा काळ. त्या काळात क्रॅश कोर्स काढायचा विचार येईल. काढू नका.

रात्री अकराला डाउटचे फोटो येतात. मुलाला उत्तराची घाई असते आणि आपल्याला ‘नाही’ म्हणवत नाही. माझा नियम साधा आहे: डाउट वहीत, पान नंबर घालून, शनिवारी एक तास फक्त डाउटचा. पालकांनी फोन संध्याकाळी 7 ते 8 मध्येच करायचा. हे ॲडमिशनच्या कागदावर छापलेलं आहे. शनिवारचा तास सुरू झाला की लक्षात येतं, अर्ध्याहून जास्त डाउट मुलांनीच तोवर सोडवलेले असतात.

घशाला जपा. पंख्यावर ओरडून शिकवू नका, कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या. दोन बॅचमध्ये अर्धा तास न बोलता बसा, त्या वेळात पेपर तपासा, पाणी प्या. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर काढे बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

थकव्याचं एक वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाच्या न हाताळलेल्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि काम पूर्वीसारखं न जमणं. क्लासमध्ये ती अशी दिसतात. रविवार झाला तरी सोमवारी फळ्यासमोर उभं राहवत नाही. मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की राग येतो. न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा कपाटात जातो आणि आपण टेस्टच टाळायला लागतो. तिन्ही दिसायला लागली की त्याच आठवड्यात एक काम कमी करा: एक टेस्ट रद्द करा आणि मुलांना कारण सांगा. ‘मी दमलेय, या आठवड्यात जुने पेपर तपासून देते, नवा नाही’ असं वर्गात म्हणायला काही हरकत नाही. सतरा वर्षांच्या मुलांना ते समजतं.

मुलांचाही ताण आपल्यापर्यंत येतो, विशेषतः जानेवारीपासून. ऐकून घ्या, पालकांना कळवा, पण समुपदेशक होऊ नका. ते आपलं शिक्षण नाही. झोप-जेवण सुटलं असेल, मरणाची भाषा येत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना बोलवा आणि 14416 हा टेलिमानसचा नंबर द्या. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो नंबर आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेला असतो.

एखादी बॅच सोडायचीच वेळ आली तर

आजारपण, घरातलं कुणी अंथरुणाला खिळणं, किंवा नुसतंच न झेपणं. अशा वेळी ओढत नेण्यापेक्षा बॅच सोपवून द्या, पण ती दिवाळीच्या आधी. नोव्हेंबरनंतर नव्या शिक्षकाला सगळा अभ्यासक्रम पुरा करायला वेळ मिळत नाही. ज्यांच्याकडे मुलं द्यायची त्यांच्याशी आधी बोला, त्यांची खोली बघा, त्यांचा एक तास मागच्या बाकावर बसून ऐका. मग पालकांची एकच बैठक, रविवारी सकाळी. कुठला धडा कुठवर झालाय, कुणाला काय जड जातं, हे प्रत्येक मुलाचं अर्ध्या पानात लिहून त्या शिक्षकांना द्या. भरलेल्या फीमधला उरलेला भाग दहा दिवसांत परत, किंवा पालकांना चालत असेल तर थेट नव्या शिक्षकांकडे वर्ग करा. मुलांना स्वतः सांगा, मेसेजवर नको. आणि उरलेल्या बॅचचं वेळापत्रक त्याच आठवड्यात नव्याने छापा, नाहीतर मोकळ्या झालेल्या तासांत जूनच्या आधीच दुसरं काहीतरी येऊन बसतं.